फराळ, किल्ला, दिवे, अभ्यंगस्नान: दिवाळीची कामे सुखरूप कशी पार पाडावीत

दिवाळीत भाजणारी, घसरणारी किंवा शॉक लागणारी माणसे बहुतेक वेळा कसलेही धाडस करत नसतात. तळण, अंघोळ, दिवाबत्ती, शिडीवर चढणे अशी रोजचीच कामे करत असतात. पण ती एरवीपेक्षा कितीतरी जास्त, अपुऱ्या झोपेत, घर पाहुण्यांनी भरलेले असताना आणि पायात मुले घोटाळत असताना करावी लागतात. म्हणून इथे फराळ कमी करा, दिवे लावू नका असे काही सांगायचे नाही. चकली घरचीच व्हावी, उटणे लागावे, अंगणात किल्ला उभा राहावा. कोणते काम कधी करायचे, कुठे करायचे आणि कोणाच्या हाती द्यायचे, एवढे आधी ठरले की निम्मे अपघात टळतात.

साफसफाई थोडक्यात

माळा काढताना आणि पंखे पुसताना शिडीखाली एक माणूस हवाच. स्टुलावर खुर्ची रचून चढू नये. पंखा पुसण्याआधी नुसते बटण बंद करून भागत नाही. त्या खोलीचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) खाली करा, कारण जुन्या घरांत कधीकधी बटण न्यूट्रलवर जोडलेले असते आणि बटण बंद असूनही पंख्याच्या तारेत वीज राहते.

संडास-बाथरूम घासताना अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र होऊ देऊ नका. दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू सुटतो आणि लहान बंद जागेत तो क्षणात घसा-छाती धरतो. एक वापरून भरपूर पाण्याने धुऊन घ्या, दुसरे दुसऱ्या दिवशी वापरा.

फराळाचे वेळापत्रक

सगळे तळण शेवटच्या दोन रात्रींवर ढकलले की हात थकतात, लक्ष उडते आणि तेल डोळ्यांदेखत धुरावते. त्यापेक्षा मागून मोजत या.

सर्वांत आधी अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरायचे आणि किंचित दमट असतानाच दळायचे. मग साधारण एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी किसलेला गूळ मिसळून गोळे करून डब्यात ठेवायचे. या पिठाला आंबायला निदान चार-पाच दिवस लागतात. म्हणजे वसुबारसेच्या दहा दिवस आधी तांदूळ भिजत पडले पाहिजेत. अनारसा मंद आचेवर, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता तळतात. झाऱ्याने वरून तेल सोडत राहायचे. तो तेलात पसरून हसला, तर गूळ जास्त झाला आहे किंवा पीठ सैल आहे. चमचाभर तांदळाचे कोरडे पीठ मळून पुन्हा एक घालून पाहा. अशा वेळी आच वाढवू नये: फुटलेल्या अनारशातला गूळ तळाशी जळतो, तेल काळे होते आणि लवकर धूर धरू लागते.

चकलीची भाजणी आठ दिवस आधी दळून ठेवा. नेहमीचे प्रमाण असे: १ किलो तांदूळ, अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो उडदाची डाळ, वाटीभर पोहे, अर्धी-पाऊण वाटी धने आणि पाव वाटी जिरे. धान्ये धुऊन सावलीत वाळवून, प्रत्येक वेगळे, मंद आचेवर भाजायचे.

दिवाळीला सहा-सात दिवस असताना चिवडा आणि भाजून करायचे लाडू (बेसन, रवा) करून टाका. तळणाचे पदार्थ शेवटच्या चार-पाच दिवसांत, एका दिवशी दोनपेक्षा जास्त नकोत. क्रम गोडापासून तिखटाकडे: शंकरपाळी, करंज्या, चिरोटे आधी, शेव, चकली, कडबोळी नंतर. तिखट-हळद-ओवा एकदा तेलात उतरला की त्या तेलात करंजी तळता येत नाही, आणि मसाल्याचे कण जळून तेलही लवकर खराब होते.

चकली बिघडते तेव्हा

४ वाट्या भाजणीला ४ मोठे चमचे तेलाचे मोहन आणि अडीच ते तीन वाट्या पाणी धरा. पाण्यात मोहन, तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ घालून उकळी आणायची, गॅस बंद करून भाजणी घालायची, ढवळून झाकून अर्धा-पाऊण तास ठेवायची. मग लागेल तेवढाच गोळा पाण्याचा हात लावून मऊ मळून घ्यायचा. सगळे पीठ एकदम मळले तर शेवटच्या घाण्यांपर्यंत ते सैल पडते.

पाडतानाच तुकडे पडत असतील तर पीठ कोरडे आहे किंवा भाजणी फार भाजली गेली आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. तेलात टाकल्यावर चकली विरघळू लागली तर मोहन जास्त झाले. थोडी कोरडी भाजणी मिसळा. दगडासारखी कडक झाली तर मोहन कमी पडले. वरून लाल आणि दुसऱ्या दिवशी मऊ, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा पिठात नसते. तेल फार तापलेले असते, चकली बाहेरून रंगते आणि आत ओलावा राहतो. मध्यम आचेवर बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळली तर ती पंधरा दिवस कुरकुरीत राहते. योगायोग असा, की चकली चांगली होण्याचा आणि हात न भाजण्याचा उपाय एकच आहे. तेल धुरावू द्यायचे नाही.

तेलाचा अंदाज घ्यायला पिठाचा वाटाण्याएवढा गोळा सोडा. तो तळाशी जाऊन सावकाश बुडबुडे सोडत वर आला तर तेल तयार आहे. टाकताक्षणी वर येऊन लाल झाला तर गॅस बारीक करून दोन-तीन मिनिटे थांबा.

कढई कुठे ठेवायची

पाट मांडून, जमिनीवर शेगडी ठेवून, बायका गोल बसून तळण करतात. गप्पांना ही बैठक फार छान आणि ती टिकायलाच हवी. फक्त त्या गोलातून शेगडी बाहेर काढा. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका ज्योतीच्या पातळीवर. त्यातच सिलिंडर शेजारी उभे आणि शेगडी त्याच्या खाली, ही मांडणी आणखी वाईट. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचीवर असावी. लाटणे, भरणे, सोऱ्याने पाडणे हे सगळे दिवाणखान्यात खाली बसून करा आणि तळणारी एकच व्यक्ती ओट्याशी उभी राहू द्या. भरलेली ताटे ओट्याकडे जातील, झाऱ्यातला माल टिपकागदावर येईल. दर तासाने तळणारी व्यक्ती बदला. कोणा एकाच सुनेला दिवसभर कढईसमोर उभे करणे हे दमणुकीच्या आणि धोक्याच्या, दोन्ही दृष्टींनी चूक आहे.

कढईत तेल निम्म्याच्या खालीच हवे. माल पडला की पातळी वर येते, फेस येतो आणि उतू गेलेले तेल थेट बर्नरवर पडते. कढई जड बुडाची घ्या आणि दांडा किंवा कान ओट्याच्या आतल्या बाजूला वळवून ठेवा. झारा, चाळणी, भांडे सगळे कोरडे ठक्क हवे. अंगावर सुती कपडे, पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली. नायलॉन किंवा जॉर्जेट पेटले की वितळून कातडीला चिकटते. लहान मुलांसाठी ओट्यापासून तीन फुटांवर जमिनीला रंगीत चिकटपट्टी लावून रेघ आखा. नुसते 'लांब राहा' सांगण्यापेक्षा रेघ त्यांना कळते.

तळणाच्या दिवसाआधी गॅसची नळी पाहा. तिच्यावर छापलेली मुदत संपली असेल, वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर ती बदला. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून तपासू नका. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारे उघडी, दिव्याचे वा पंख्याचे कोणतेही बटण ना चालू ना बंद, आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन.

पाकाकडे मात्र कोणी धोका म्हणून पाहत नाही. एकतारी पाक उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि चिकटून राहिल्यामुळे जखम खोल होते. रवा-नारळाचे किंवा बुंदीचे लाडू वळताना हाताला सोसवेल इतके निवू द्या, मगच मूठ वळा. ओल्या नारळाचे लाडू चार-पाच दिवसांत, ओल्या खोबऱ्याच्या करंज्या दोन दिवसांत संपवा. कोणताही पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. कोमट भरला तर वाफ धरते, चिवडा मऊ पडतो आणि लाडवाला बुरशी येते.

तेल पेटले तर

आधी गॅस बंद करा. मग कढईपेक्षा मोठे सपाट झाकण किंवा परात बाजूने सरकवत वर ठेवा. झाकण पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका. लवकर उचलले की हवा मिळून पुन्हा भडका उडतो. पेटलेली कढई उचलून मोरीकडे न्यायचा मोह होतो, तो आवरा. तेल पायावर सांडते आणि आग घरभर नेली जाते. पाणी तर अजिबात ओतू नये. ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते, मूळच्या सुमारे १७०० पट फुगते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. म्हणून तळण सुरू करण्याआधीच झाकण ओट्यावर हाताशी काढून ठेवायचे. आग कढईबाहेर गेली तर सगळे बाहेर पडा आणि १०१ लावा.

भाजल्यावर पहिली वीस मिनिटे

भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरा आणि वीस मिनिटे धरून ठेवा. दोन मिनिटांत बरे वाटू लागते, पण आतल्या थरातली उष्णता तेवढ्यात निघत नाही. सूज येण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. कातडीला चिकटलेले कापड ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस यांतले काहीही लावू नका: काहींनी उष्णता कोंडते, काहींनी जंतुसंसर्ग होतो, आणि डॉक्टरांना जखम किती खोल आहे हे कळेनासे होते. नंतर स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने सैल झाका. फोड फोडू नका.

जखम त्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा चेहरा, डोळे, हात, सांधे, जांघ यांवर असेल, विजेने भाजले असेल, किंवा भाजलेले मूल अथवा म्हातारे माणूस असेल तर दवाखाना गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. सुट्टीच्या दिवसांत जवळचे कोणते रुग्णालय चोवीस तास उघडे आहे, हे वसुबारसेच्या आधीच विचारून कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

किल्ला

दिवाळीच्या सुट्टीतले मुलांसाठी सर्वांत मोलाचे काम हेच, आणि मोठ्यांनी त्यात वेळ द्यावा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले: शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा, साल्हेर, लोहगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. कोणताही एक निवडून त्याच्या नकाशाप्रमाणे बांधा. राजगड घेतलात तर मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या; मुलांना माची म्हणजे काय ते हाताने कळते. सिंधुदुर्ग घेतलात तर तट नागमोडी ठेवा आणि महादरवाजा तटाच्या वळणात दडवा.

रचना: खाली दगड-विटांचा भक्कम ढीग, त्यावर मातीच्या पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट सुरकुत्या पाडत अंथरायचे, मग चाळलेली लाल माती आणि वर हळीव किंवा मोहरी. हळीव दोन-तीन दिवसांत उगवतो आणि आठवड्यात डोंगर हिरवा दिसतो, म्हणून पेरणी धनत्रयोदशीच्या सहा-सात दिवस आधी. पाणी फवाऱ्यानेच द्या; तांब्याने ओतले तर बी आणि माती दोन्ही वाहून जातात. परतीचा पाऊस अजून येऊ शकतो, तेव्हा प्लास्टिकचे कापड जवळ ठेवा.

दगड-विटा मात्र मोठ्यांनी हलवाव्यात. पावसाळाभर पडून असलेल्या विटांच्या ढिगात विंचू असतात, कधी फुरसे किंवा मण्यारही. आधी काठीने ढीग हलवा, पायात बूट, हातात जाड मोजे, आणि हे काम उजेड असतानाच. विंचू चावला आणि मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे काही दिसले तर क्षणभरही घरी थांबू नका. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश मुलांसाठी जीवघेणा ठरत असे, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेत पोहोचलेली मुले वाचू लागली. अट वेळेची आहे. सर्पदंशात आवळपट्टी, चिरा देणे, चोखणे यांतले काही करू नका; तो अवयव हलू न देता, माणसाला चालवत न नेता, प्रतिविष असलेले रुग्णालय गाठा.

खंदकात आणि तळ्यात पाणी भरले असेल तर ते दर तीन दिवसांनी उपसा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे नेमकी दिवाळीची सुट्टी. आतले दिवे बॅटरीवरचेच लावा. आणि दिवाळी संपल्यावर किल्ला फटाक्याने उडवायची जी पद्धत आहे, ती बंद करावी. खडे आणि विटांचे तुकडे गोळीसारखे उडतात. मुलांनी इतक्या मेहनतीने रचलेले हातांनी उतरवू द्या. माती कुंड्यांत जाईल, मावळे खोक्यात.

आकाशकंदील आणि माळा

कागदी कंदिलात ५ ते ९ वॅटचा एलईडी दिवा भरपूर होतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब कागदाला टेकला तर तासाभरात कागद करपतो. कंदिलाचे वजन दोरीने पेलावे, तारेने नव्हे. तारेवर भार आला की होल्डरमधला स्क्रू सैल होतो आणि तिथे ठिणगी पडते. गॅलरीबाहेर वाकून कंदील बांधू नका. आतून आकडा असलेली काठी वापरा. वरून विजेची उघडी तार जात असेल तर ती जागाच बदला.

माळ लावण्याआधी ती जमिनीवर उलगडून अर्धा तास चालू ठेवा. कुठे गरम लागते का, सोललेली तार आहे का, हात लावायच्या आधी प्लग काढून बघा. लोखंडी कठड्याला माळ थेट गुंडाळली आणि आवरण कुठे चिरले असेल तर सगळा कठडाच शॉक देतो. म्हणून मध्ये प्लास्टिकचे पट्टे वापरा. खिळे ठोकून तार दाबू नका. बाहेरचा जोड पावसात भिजेल अशा जागी नको, आणि एका एक्स्टेन्शनमधून दुसरे एक्स्टेन्शन काढू नका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) नसेल तर यंदाच्या खरेदीत सोन्याआधी तो घ्या. त्यावरचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो का तेही पाहा.

नरकचतुर्दशीची पहाट

उटणे नवे असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहा. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा कधीकधी अंगावर उठतात. तान्ह्या बाळाला उटणे रगडू नये, कोमट तेल पुरे.

तेल लावायचे काम बाथरूममध्ये नको. खोलीत जुनी चादर अंथरून पाटावर बसवून तेल-उटणे लावा, तळवे शेवटी पुसा, मगच आत पाठवा. तेलकट पाय आणि ओली फरशी यांनी आजी-आजोबांची खुब्याची हाडे मोडतात. मोरीत रबरी चटई घाला आणि प्रत्येक अंघोळीनंतर फरशीवर साबणाचे गरम पाणी फिरवा.

याहून गंभीर गोष्ट गॅस गीझरची. एरवी घरात दोन-तीन अंघोळी होतात. या पहाटे आठ-दहा माणसे एकामागून एक, दार-खिडकी बंद करून, थंडी म्हणून झरोकाही मिटून अंघोळ करतात आणि गीझर सतत पेटलेला राहतो. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, मळमळते, पाय गळतात, आणि कडी काढण्याआधीच शुद्ध जाते. म्हणून गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवलेला असावा. तो आत असेल तर या दिवशी असे करा: दार उघडे ठेवून, आत कोणी नसताना बादल्या भरा, गीझर बंद करा, मग माणूस आत जाईल. दोन अंघोळींच्या मध्ये पाच-दहा मिनिटे खिडकी उघडी आणि पंखा चालू. कडी आतून लावू नका, बाहेरून कोणीतरी बोलत राहा. कोणी आत पडलेले आढळले तर दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

पाणी तापवायची कांडी वापरत असाल तर प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालायचे नाही. मुलांच्या बादलीत आधी गार पाणी, मग कढत. अंघोळ चालू असताना फुलबाजी लावायची असेल तर ती दाराबाहेर, मोकळ्यावर, आणि ज्याच्या अंगाला तेल नाही अशा माणसाने लावावी. कारीट फोडताना मात्र काही धोका नाही. घसरू नये म्हणून भिंतीचा आधार घ्या, एवढेच.

पणत्या

नव्या पणत्या चार-पाच तास पाण्यात भिजवून वाळवा. कोऱ्या पणतीत तेल झिरपते, बाहेर पाझरते, वात कोरडी पडून काजळते आणि खाली फरशी निसरडी होते. तेल काठाच्या बोटभर खाली ठेवा. जळत्या पणतीत बाटलीने तेल ओतू नका, पळीने घाला.

जागा निवडताना वर पाहा. दारावरचे प्लास्टिकचे तोरण, पडदा, कंदिलाच्या झिरमिळ्या यांच्या बरोबर खाली पणती नको. जिन्यावर दिवे एकाच कडेला, म्हणजे साडीचा घोळ दुसऱ्या कडेने जाईल. दाराशी चपलांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची चवड असेल तर ती आधी हलवा. मेणाचे छोटे दिवे एकमेकांपासून वीतभर दूर ठेवा. दाटीने लावले की सगळे मेण एकदम तापून भडकते, आणि त्यावर पाणी टाकले तर तेही तेलासारखेच उडते. रात्रभर दिवा ठेवायचा असेल तर समई वाळू भरलेल्या परातीत, काचेच्या आत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. बाकीचे सगळे झोपण्याआधी निवलेले पाहिजेत, आणि ते काम कोणाचे हेही ठरलेले हवे.

फटाके

सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळीत फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० ठरवून दिली, बेरियमचे क्षार आणि लांबलचक माळा बंद केल्या आणि फक्त हरित फटाक्यांना परवानगी दिली. हे हरित फटाके नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केले. त्यांच्या खोक्यावर क्यूआर कोड असतो, तो फोनने तपासा. स्थानिक प्रशासनाचा त्या वर्षीचा आदेश आधी वाचा. काही ठिकाणी वेळ आणखी कमी असते. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत फटाके नकोत. हरित म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हेही लक्षात ठेवा. घरात दमेकरी असेल तर खिडक्या लावून घ्या आणि त्याचा पंप जवळ ठेवा. आवाज होत नाही म्हणून लहानग्यांना दिली जाणारी सापाची गोळी तर यादीतून काढूनच टाका. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने केलेल्या मोजणीत सर्वाधिक सूक्ष्म कण तिच्याच धुरात निघाले, आणि मूल तिच्यावर वाकून बघत असते.

फुलबाजीची तार जळताना सुमारे १००० अंश सेल्सियसपर्यंत तापते. ती लहान मुलाच्या हाती एकट्याने द्यायची नाही, हात सरळ लांब, एका वेळी एकच. विझलेली तार जमिनीवर टाकू नये. अनवाणी पाय भाजतात ते याच तारांनी. पाण्याची एक बादली फुलबाज्यांसाठी आणि दुसरी आगीसाठी, शिवाय एक घमेले वाळू. पायात बंद बूट. भुईनळा लांब उदबत्तीने, तोंड बाजूला वळवून पेटवायचा आणि मागे सरायचे. पेटला नाही तर वाकून बघायचे नाही, फुंकायचे नाही. डोळे जातात ते त्याच क्षणी. पंधरा मिनिटे थांबून लांबून बादलीभर पाणी ओता आणि सोडून द्या. मडके किंवा डबा झाकून फटाका उडवू नका. सादळलेले फटाके तव्यावर किंवा चुलीजवळ वाळवू नका. रॉकेट इमारतींच्या गर्दीत नकोच. गॅलरीत वाळणारे कपडे संध्याकाळी आत घ्या.

कॅल्शियम कार्बाइड आणि पाण्यावर चालणारी प्लास्टिकच्या पाइपची बंदूक मुलांच्या हाती दिसली तर लगेच काढून घ्या. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या भागात तिच्यामुळे कित्येक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. डोळ्याला लागले तर चोळायचे नाही, मलम घालायचे नाही, रुतलेले काही ओढायचे नाही. नुसती दारू किंवा राख गेली असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा. जखम दिसत असेल तर कागदी कप उपडा ठेवून, दाब न देता, नेत्रतज्ज्ञाकडे जा.

पाडव्याच्या सकाळी मुले अंगणात न उडालेले फटाके गोळा करून त्यातली दारू कागदावर जमवतात. मोठे तेव्हा झोपलेले असतात. म्हणून रात्रीच, शेवटचा फटाका झाल्यावर, अंगण झाडून कचरा पाण्यात भिजवून टाका.

भाऊबीज आणि आवराआवर

औक्षण करताना तबक छातीच्या उंचीवर, चेहऱ्यापासून हातभर दूर. मोकळे केस आणि ओढणी मागे. मोठ्या कुटुंबात पाठोपाठ आठ-दहा भाऊ बसतात, तेव्हा निरांजनातले तूप तापून सांडते. दोन निरांजने आलटून पालटून वापरा. गावाला जायचे असेल तर लक्ष्मीपूजनाच्या जागरणानंतर पहाटे गाडी काढू नका, दुपारचे जेवण करून निघा, आणि निघण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर व माळांचे प्लग बंद आहेत का ते पाहा.

बऱ्याच घरांत माळा आणि कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत राहतात. उतरवताना प्लग आधी काढा, पुठ्ठ्यावर गुंडाळा, गाठ मारून कोंबू नका. ज्या माळेचे दिवे अर्धे गेले आहेत किंवा जोडपट्टी काळी पडली आहे ती त्याच दिवशी ई-कचऱ्यात द्या. माळ्यावर गेली की पुढच्या वर्षी ती बिनतपासणीची लावली जाते. उरलेल्या तळणाच्या तेलाला काळपटपणा, खवट वास किंवा फेस असेल तर ते मोरीत न ओतता बाटलीत भरून कचऱ्यात टाका. स्वच्छ असेल तर गाळून घ्या आणि आठवड्याभरात भाजीच्या फोडणीला संपवा.